एका रिकिबीमागे : सोलापूर आणि अक्कलकोट, चार दिवस

पहिला दिवस : सप्तमी, सोलापूर

सोलापूरला काकांच्या घरी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर लाल कापडात गुंडाळलेली एक लोखंडी रिकीब आहे. घोडेस्वाराने पाय टेकवण्याची ती कडी वर्षभर कापडातच असते. खंडेनवमीला ती बाहेर काढली जाते, तिला तेल लावून पुसले जाते, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाते आणि दसरा उलटला की ती पुन्हा कापडात जाते. आमचे खापरपणजोबा अक्कलकोट संस्थानच्या घोडदळात स्वार होते आणि ही रिकीब त्यांची, एवढेच मला लहानपणापासून सांगितले गेले होते. यंदा काकांनी ठरवले की रिकीब मूळ गावी न्यायची आणि तिथल्या जुन्या घरातच तिची पूजा करायची. ते कळल्यावर मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघाले आणि सप्तमीला सकाळी सोलापूरला उतरले.

चहा होताच काकांनी वंशावळीची वही समोर ठेवली. खापरपणजोबांच्या नावापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात ‘शिलेदार’ असे लिहिलेले आहे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला उभा राहणारा, आणि बारगीर म्हणजे ज्याला घोडा व सामान सरकारातून मिळते तो. मराठ्यांच्या फौजेत हा फरक मोठा होता, कारण त्यावर पगार ठरत असे आणि मानही ठरत असे. काकांचे म्हणणे असे की बारगिराला सामान परत करावे लागते. रिकीब आपल्या घरात राहिली, याचा अर्थ ती आपलीच होती. त्यांचा हा युक्तिवाद मी वीस वर्षे ऐकत आले आहे आणि तो खोडून काढावा असे मला कधी वाटले नाही. मात्र या वेळी निघतानाच मी मनाशी ठरवले होते की जे खरे असेल ते जाणून घ्यायचे.

दुपारी एकटीच किल्ल्यात गेले. सोलापूरचा हा भुईकोट आदिलशाही आणि निजामशाही यांच्या सोयरिकींमध्ये आंदण म्हणून मागितला गेला, दिला गेला आणि त्यापायी लढायाही झाल्या. मला मात्र त्याच्या फार नंतरच्या एका महिन्याशी कर्तव्य होते. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा इथे पराभव करून किल्ला घेतला आणि या मुलखातली पेशवाई संपली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, इंग्रजांनी अक्कलकोट, औंध, फलटण, भोर, जत या जहागीरदारांशी करार केले. सातारच्या छत्रपतींची सत्ता त्यांच्यावर राहिली, पण हमी इंग्रजांची आली. अक्कलकोट ‘संस्थान’ म्हणून ज्या रूपात आमच्या पूर्वजांनी पाहिले, ते रूप त्या करारातून आलेले आहे. खंदकाच्या कडेला बसून पलीकडे सिद्धेश्वरांच्या तळ्याकडे पाहताना मला सारखे वाटत राहिले की आमचा स्वार जन्मला तेव्हा स्वराज्य गेलेले होते. त्याने ज्या राज्याची चाकरी केली, ते त्याच्या जन्मापासूनच दुसऱ्याच्या हमीवर उभे होते. तरीही ते त्याचे राज्य होते, आणि आमच्या घरात त्याला आजही ‘आपलं संस्थान’ असेच म्हणतात.

संध्याकाळी काकूंबरोबर रूपाभवानीच्या दर्शनाला गेले. नवरात्रातली ती गर्दी सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही.

दुसरा दिवस : अष्टमी, अक्कलकोट

सोलापूरहून अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर. कुंभारी, वळसंग मागे पडले की काळ्या जमिनीचा सलग पट्टा लागतो. तूर कमरेइतकी झालेली होती आणि जिथे सोयाबीन निघाले होते तिथे ज्वारीच्या पेरणीची तयारी चालू होती. गाडी स्वामी समर्थांच्या भक्तांनी भरलेली होती. शेजारच्या बाईंनी ‘दर्शनाला का?’ असे विचारले, तेव्हा मी ‘आधी राजवाडा बघायचा आहे’ असे सांगितले. त्यांना ते नवलाचे वाटले. त्या दर वर्षी येतात, पण अक्कलकोटला राजवाडा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

मला त्यांच्या न ठाऊक असण्याचा राग आला नाही, वाईट मात्र वाटले. ज्या राज्याच्या जन्माची कथा एवढी विलक्षण आहे, त्याची ती कथा अक्कलकोटला येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडायला हवी.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि त्यानंतर शाहू महाराजांची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली. दक्षिणेकडे येताना औरंगाबाद प्रांतातल्या पारद गावी त्यांना विरोध झाला. लढाईत गावचे पाटील सयाजी लोखंडे मारले गेले. तेव्हा त्यांची विधवा पत्नी आपले लहान मूल घेऊन आली आणि ते तिने शाहू महाराजांच्या पायांवर घातले. ज्याच्या माणसांनी नवरा मारला, त्याच्याच पायांवर मूल. त्या क्षणी तिच्या मनात काय असेल, भीती की शहाणपण की दुसरा मार्गच नसणे, हे कोणत्याही बखरीत सापडण्यासारखे नाही. महाराजांनी मूल उचलले. सुटकेनंतरचा हा पहिला विजय म्हणून राणोजी लोखंडे याचे नाव ‘फत्तेसिंह’ ठेवले, त्याला भोसले हे आपले आडनाव दिले आणि मुलासारखे वाढवले. शाहू महाराजांच्या राणीवशातल्या विरूबाईंनी त्याला सांभाळले. पुढे अक्कलकोटचा मुलूख त्याच्याकडे आला आणि तिथे भोसल्यांची गादी सुरू झाली.

मराठ्यांच्या बहुतेक घराण्यांच्या कथा तलवारीपासून सुरू होतात. अक्कलकोटची सुरुवात एका विधवेने जमिनीवर ठेवलेल्या मुलापासून होते आणि एका दुसऱ्या स्त्रीने ते मूल वाढवण्यापाशी ती पुढे जाते. आमच्या घरात ही कथा पुरुषांकडून ऐकताना ‘मग महाराजांनी त्याला राज्य दिलं’ इथे आवाज चढतो. मला ती नेहमी त्या आईपाशीच थांबवावीशी वाटते, कारण पारदच्या पाटलिणीचे नावही आम्हाला कोणी सांगितले नाही.

फत्तेसिंहांची तलवार नंतर आली आणि ती लहान नव्हती. नागपूरकर रघूजी भोसल्यांबरोबर ते कर्नाटकच्या मोहिमेवर गेले. मे १७४० मध्ये दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली लढाईत पडला आणि मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली हाती येऊन त्याचा जावई चंदासाहेब कैद झाला. सातारच्या घोड्यांनी कावेरीचे पाणी प्यावे, ही त्या पिढीची झेप होती. १७४९ च्या अखेरीस शाहू महाराज गेले, तसे फत्तेसिंह साताऱ्याच्या राजकारणातून बाजूला होऊन अक्कलकोटला आले आणि १७६० मध्ये वारले. पानिपतची बातमी ऐकण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

गावाच्या मध्यातला जुना राजवाडा बाहेरून पाहिला आणि मग नव्या राजवाड्यातल्या शस्त्रागाराकडे गेले. तलवारी, दांडपट्टे, कट्यारी, भाले, बंदुका अशी ही दाटी आहे. इतक्या हत्यारांपुढे उभे राहिल्यावर प्रथम डोळे दिपतात आणि मग हळूहळू एक अस्वस्थता येते, कारण प्रत्येक मुठीवर एक हात होता आणि त्या हातांची नावे इथे नाहीत. मी भाल्यांपुढे बराच वेळ उभी राहिले. स्वाराचे मुख्य हत्यार भाला. आमच्या माणसाच्या हाती यातला एखादा आला असेल काय, असा विचार मनात येणे साहजिक होते. माझ्यामागे एक बाबा आपल्या नातवाला उचलून पट्टा दाखवत होते आणि कानडीत काहीतरी समजावत होते; त्यांच्या बोलण्यातला ‘नम्म राजा’, म्हणजे आमचा राजा, हा शब्द मला कळला. अक्कलकोट तालुक्यात मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर नांदतात. या गादीचा अभिमान केवळ मराठी बोलणाऱ्यांचा आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने त्या बाबांना ऐकावे.

शेवटी स्वामींच्या वटवृक्ष मंदिरात गेले. रांगेत पाऊण तास उभी होते आणि त्या पाऊण तासात एक गोष्ट मला प्रथमच नीट उमगली. आदल्या रात्री काकांकडे ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमधले उतारे मी वाचले होते. त्यात संस्थानाचे क्षेत्रफळ ४९८ चौरस मैल दिले आहे, १९०१ सालची लोकसंख्या ८२ हजार दिली आहे, आणि घोडदळ पुरवण्याऐवजी संस्थान इंग्रजांना वर्षाला १४,५९२ रुपये देते आणि ते पथक १८६८ मध्ये मोडले, असेही दिले आहे. आमचा स्वार त्याच पथकातला. त्यापूर्वी, १८६६ मध्ये, कारभार नीट नाही हे कारण देऊन इंग्रजांनी राजे मालोजीराव यांना अधिकारावरून दूर केले होते आणि १८७० मध्ये ते वारले, तोपर्यंत कारभार इंग्रजांच्या हाती होता. म्हणजे घोडदळ मोडले त्या वर्षी गादीवर राजाचा अधिकारच नव्हता. स्वारांनी निरोप घ्यायचा कोणाचा? ज्याच्या नावाने मुजरा करायचा तो बाजूला, आणि हिशेब मांडणारा परका. आणि त्याच वर्षी, याच वडाखाली, स्वामी बसलेले होते. १८५६-५७ च्या सुमारास ते अक्कलकोटला आले आणि १८७८ मध्ये इथेच समाधिस्थ झाले. मालोजीराजांची त्यांच्यावर श्रद्धा होती. घोडा गेलेला एखादा स्वार त्या काळात इथे येऊन बसला नसेल, असे मला वाटत नाही. गाडीतल्या बाई आणि मी एकाच ठिकाणी आलो होतो, हे तेव्हा लक्षात आले.

तिसरा दिवस : खंडेनवमी, गाव

आमचे गाव बोरी नदीच्या बाजूला आहे. काका, काकू, चुलतभाऊ आणि मी सकाळी आठला पोचलो. रिकीब काकूंच्या मांडीवर, पिशवीत होती. जुन्या घराची पुढची भिंत पडलेली आहे, पण माळवद शाबूत आहे आणि आतल्या खोलीत अव्वा राहतात. अव्वा म्हणजे माझ्या आजोबांच्या चुलतभावाची पत्नी, माझी चुलत आजी. वय नव्वदीच्या घरात. गावात सगळे त्यांना अव्वाच म्हणतात, कारण इथे आजीला तोच शब्द आहे.

पूजेची तयारी होईपर्यंत काका बोरगावच्या उठावाबद्दल बोलत होते. १८३० च्या सुमारास, राजे लहान असताना, सातारच्या दरबाराने अक्कलकोटच्या कारभारात केलेले बदल लोकांना जाचक झाले आणि बोरगावच्या शंकरराव सरदेशमुखांच्या पुढाकाराने मुलूख उठला. तो शमवायला इंग्रजांची पलटण आणावी लागली, आणि चौकशीअंती लोकांवर अन्याय झाल्याचे दिसून आले. काका हे फार अभिमानाने सांगतात आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण मी त्यांना म्हटले, ‘काका, आपण हा उठाव सांगतो तसे १८६६ देखील सांगायला हवे. राजाला अधिकारावरून काढले, हेही आपल्याच संस्थानचे आहे.’ काका थोडे थांबले. मग म्हणाले, ‘सांगावं. पण कोणी काढलं आणि कशासाठी काढलं, हे दोन्ही सांगावं.’ ते त्यांचे म्हणणे मला पटले. आपल्या राज्याची आठवण ठेवायची तर ती अशीच, दोन्ही बाजूंनी धरून ठेवायला हवी. त्यातले नकोसे गाळले की उरते ती फक्त आरास.

पाटावर भाकरीच्या पिठाची रांगोळी काढली. विळा, कोयता, कुऱ्हाड, चुलतभावाच्या ट्रॅक्टरचे पाने, अव्वांचा सुपारीचा अडकित्ता अशी सगळी हत्यारे मांडली आणि मध्ये रिकीब ठेवली. कापड सोडले तेव्हा अव्वांनी ती हातात घेतली, उलटी केली, आतल्या बाजूने बोट फिरवले आणि विचारले, ‘दुसरी कुठाय?’

काका म्हणाले, ‘अव्वा, एकच आहे. पहिल्यापासून एकच.’

‘तेच तर म्हंते. शिलेदार आसता तर दोन आसत्या. घोडं सरकारचं होतं. सामान सरकारचं.’

घरात एकदम शांतता झाली. अव्वांना ते जाणवलेही नसावे. त्यांनी रिकीब पुन्हा पाटावर ठेवली आणि सांगायला लागल्या. त्यांच्या सासूबाई या त्या स्वाराच्या धाकट्या सून होत्या, आणि अव्वा लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्या हयात होत्या. चुलीपुढे बसून त्या सांगत असत की पथक मोडल्याचा हुकूम आला तेव्हा मामंजी घोड्यावर बसून अक्कलकोटला गेले नाहीत, लगाम धरून चालत गेले. एवढ्या वर्षांच्या जनावरावर शेवटच्या दिवशी ओझे घालायचे नाही म्हणून. तिथे खोगीर, लगाम, भाला सगळे मोजून घेतले. एका रिकिबीचा पट्टा वाटेतच तुटला होता, ती त्यांनी कमरेला खोचलेली होती, आणि मोजणाऱ्याने विचारले नाही म्हणून ती तशीच राहिली. घरी आल्यावर तिची आठवण झाली. परत द्यायला ते दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले होते, पण त्यांच्या पत्नीने ती काढून घेतली आणि देवापाशी ठेवली. ‘येवडं तरी ऱ्हाऊ द्या,’ म्हणाल्या.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. वीस वर्षे आम्ही ज्या लोखंडाला मालकीचा पुरावा मानत आलो, तो एका बाईने ठेवून घेतलेला निरोप होता. पारदची पाटलीण, विरूबाई, ही आमची निनावी खापरपणजी, आणि चुलीपुढे सांगत बसलेली तिची धाकटी सून. गॅझेटियरमध्ये १४,५९२ रुपये लिहिलेले आहेत आणि ते खरेच आहेत. त्या रकमेच्या पलीकडे त्या दिवशी घोडा परत देणाऱ्या माणसाची चाल कशी होती, हे मात्र या बायकांमुळेच आमच्यापर्यंत आले.

काकांकडे पाहायचे माझ्याने धाडस होईना. त्यांनी काही न बोलता रिकिबीला तेल लावले, नेहमीपेक्षा जास्त वेळ, पट्टा अडकवण्याच्या भोकातला गंजही काडीने काढला. मग त्यांनी हळदकुंकवाची वाटी अव्वांच्या पुढे केली. आमच्या घरात शस्त्रपूजा नेहमी पुरुषांनी केलेली आहे. अव्वांनी बोट बुडवले, रिकिबीवर टेकवले आणि मग सवयीने स्वतःच्या कपाळाकडे नेलेला हात मध्येच थांबवून तेच कुंकू माझ्या कपाळाला लावले.

जेवणात पुरणपोळी, कटाची आमटी आणि शेंगांची चटणी होती. दुपारी गावातली चार-पाच वयस्क मंडळी आली. घोडदळात कोणाच्या घरचे कोण होते, याची त्यांनी आठवण काढायला सुरुवात केली आणि तासाभरात चुलतभावाच्या मोबाइलवर अकरा घरांची नावे झाली. त्यांत मराठा होते, लिंगायत होते, मुसलमान होते. एका घरात तोबरा आहे म्हणे, घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. तो पाहायचा राहिला.

चौथा दिवस : दसरा

सकाळी निघायचे होते, पण अव्वांनी सीमोल्लंघन झाल्याशिवाय सोडले नाही. वेशीबाहेर शमीपाशी गाव जमले. आपट्याची पाने वाटताना मराठीत ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत होते आणि तीच माणसे शेजाऱ्याला कानडीत ‘बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण’ म्हणत होती. अर्थ जवळपास तोच, फक्त कानडीत ‘आपण सोन्यासारखे राहू’ असे म्हणतात, आणि तो ‘आपण’ मला फार आवडला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली, त्यांत हेही संस्थान गेले आणि सोलापूर जिल्ह्याचा एक तालुका झाले. वेशीवर उभ्या असलेल्यांपैकी ते पाहिलेले एकट्या अव्वाच असाव्यात. त्यांना मी विचारले की संस्थान गेले तेव्हा काय वाटले होते. त्या म्हणाल्या, ‘तवा मी ल्हान. बा म्हनला, आता कचेरी सोलापूरला. लांब पडंल.’

रिकीब कुठे ठेवायची यावर निघताना बोलणे झाले. काकांना वाटत होते की ती आता गावातच राहावी; अव्वा म्हणाल्या की घराची भिंत आधी उभी करा, मग आणा. तेव्हा ती पुन्हा लाल कापडात बांधून काकूंच्या मांडीवर आली. गाडीने वळसंग सोडले आणि काकांनी पिशवीतून वंशावळीची वही काढली. ‘शिलेदार’ हा शब्द त्यांनी खोडला नाही. त्याच्या खाली, गाडीच्या हादऱ्यांनी वाकड्या झालेल्या अक्षरांत, त्यांनी लिहिले : ‘बारगीर. घोडा चालवत नेऊन परत केला.’ मग पेन्सिल तशीच धरून त्यांनी मला विचारले की धाकट्या सूनबाईंचे नाव अव्वांनी काय सांगितले होते. आम्हा दोघांनाही ते विचारायचे राहून गेले होते. काकांनी एक ओळ मोकळी सोडली आणि चुलतभावाला फोन लावला.